हातात मावणारा मेश नेब्युलायझर: सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाने केलेले परीक्षण

तळहातावर मावणारा, मोबाइलच्या वायरीवर चार्ज होणारा आणि चालू असताना शेजारच्यालाही कळू नये इतका शांत असा मेश नेब्युलायझर, म्हणजे द्रव औषधाचे तुषार करून ते श्वासातून देणारे यंत्र, मी गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ठाण्याच्या नौपाड्यातील वैद्यकीय उपकरणांच्या एका दुकानातून घेतला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच घडणीचे यंत्र बाजारात वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या रंगांच्या खोक्यांत विकले जाते, आणि येथे जे लिहिले आहे ते त्या घडणीविषयी आहे. या यंत्रांबद्दल ऑनलाइन जे अभिप्राय वाचायला मिळतात ते बहुतेक लहान मुलांच्या आईवडिलांचे असतात. मुलाला छाती भरल्यावर चार दिवस औषध द्यायचे असेल तर यंत्र खरोखर चांगले आहे आणि त्या अभिप्रायांशी माझा वाद नाही. माझी गरज मात्र निराळी आहे. मला सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार आहे, फुप्फुसांत स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूने कायमचे बस्तान बसवले आहे, आणि नेब्युलायझर हे माझ्या घरात दात घासण्याच्या ब्रशइतकेच रोजच्या वापरातले साधन आहे. या दृष्टीने पाहता माझे मत असे, की घराबाहेर असताना सलाइन (कफ सुटण्यासाठीचे मिठाचे पाणी) घेण्यासाठी हे यंत्र चालून जाते, पण अँटिबायोटिक त्यातून घेऊ नये.

हे मत समजण्यासाठी आजाराबद्दल थोडे सांगणे भाग आहे. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सीएफटीआर नावाच्या जनुकात दोष असतो. हे जनुक सातव्या गुणसूत्रावर असून ते 1989 मध्ये सापडले. त्याच्यापासून तयार होणारे प्रथिन पेशींच्या पृष्ठभागावरून क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांची ने-आण करते. ही ने-आण बिघडली की श्वासनलिकांतील कफ घट्ट आणि चिकट होतो, सूक्ष्म केसांसारख्या पक्ष्माभिकांना तो वर ढकलता येत नाही, आणि एरवी श्वासाबरोबर आत आलेले जे जिवाणू सहज बाहेर गेले असते ते तेथेच राहतात. लहानपणी साधारणतः स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा हे जिवाणू आढळतात आणि वय वाढत जाते तसा स्यूडोमोनास पुढे येतो. आपल्याकडे वारंवार खोकला आणि न वाढणारे वजन दिसले की आधी क्षयाचा संशय घेतला जातो, त्यामुळे अनेक रुग्णांचे निदान उशिरा होते. घामातील क्लोराइड मोजण्याची साधी तपासणी तोवर कुणाला सुचलेली नसते.

स्यूडोमोनास कफात पहिल्यांदा सापडतो तेव्हा त्याला हुसकावून लावण्याची संधी असते, आणि म्हणूनच त्या टप्प्यावर डॉक्टर थांबून पाहत नाहीत. श्वासातून घ्यायचे टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक 28 दिवस देणे हा त्यासाठीचा प्रस्थापित उपाय आहे. ती वेळ टळली की जिवाणू आपले रूप बदलतो. तो अल्जिनेट नावाच्या बुळबुळीत शर्करेचे आवरण स्वतःभोवती निर्माण करतो, कल्चर रिपोर्टवर ‘म्यूकॉइड’ (म्हणजे बुळबुळीत) असा शब्द येऊ लागतो, आणि जैवपटलाच्या, म्हणजे जिवाणूंच्या त्या चिकट थराच्या, आत राहणाऱ्या त्या वसाहतीपर्यंत अँटिबायोटिक किंवा शरीराच्या संरक्षक पेशी पुरेशा पोहोचत नाहीत. संसर्ग जुनाट झाला असे कधी म्हणायचे याचा ‘लीड्स निकष’ या नावाचा एक मापदंड वापरात आहे. मागच्या बारा महिन्यांत ज्या ज्या महिन्यांत कफ तपासला, त्यांपैकी निम्म्याहून अधिक महिन्यांत स्यूडोमोनास मिळाला तर तो जुनाट संसर्ग धरतात. या टप्प्यानंतर जिवाणू नाहीसा करण्यापेक्षा त्याची संख्या दाबून ठेवणे, फुप्फुसांची क्षमता टिकवणे आणि मधूनमधून येणारे तीव्र बिघाड कमी करणे हे उद्दिष्ट उरते, आणि ते गाठण्याचे मुख्य साधन नेब्युलायझर असते. शिरेतून दिलेले औषध रक्तातून जितके कफात उतरते, त्याच्या कितीतरी पट अधिक मात्रा थेट श्वासातून कफापर्यंत नेता येते आणि मूत्रपिंडांवर व कानांवर येणारा भारही त्यामुळे कमी राहतो.

आता यंत्राकडे वळते. जुन्या पद्धतीच्या जेट नेब्युलायझरमध्ये कॉम्प्रेसर हवेचा जोराचा झोत कपात सोडतो आणि त्या झोताने औषधाचे तुषार होतात. मेश नेब्युलायझरमध्ये हजारो अतिसूक्ष्म छिद्रे असलेली धातूची एक चकती सेकंदाला लाखाहून अधिक वेळा थरथरते आणि औषध त्या छिद्रांतून बाहेर फेकले जाते. दोन्ही प्रकारांत अपेक्षा एकच असते. तुषारांचे बहुतेक कण एक ते पाच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे असावेत, कारण त्याहून मोठे कण घशातच अडकतात. दुकानदाराने पाणी घालून यंत्र चालवून दाखवले तेव्हा निघालेला दाट पांढरा ढग पाहून कुणीही प्रभावित व्हावे, मीही झाले. पण ढगाच्या दाटपणावरून कणांचा आकार डोळ्यांना कळत नाही आणि दुकानात तो मोजण्याची सोयही नसते.

खोक्यावर ‘फास्ट’ असे मोठ्या अक्षरांत छापले आहे आणि आतील पुस्तिकेच्या मागच्या पानावर तुषारांचा वेग ‘मिनिटाला 0.25 मिलिलिटर किंवा अधिक’ असा दिला आहे. हे गणित विकत घेण्यापूर्वी प्रत्येकाने करावे. श्वासातून घ्यायच्या टोब्रामायसिनची नेहमीची मात्रा 5 मिलिलिटरमध्ये 300 मिलिग्रॅम अशी असते आणि ती दिवसातून दोनदा, 28 दिवस घेऊन पुढचे 28 दिवस बंद ठेवून, अशा चक्राने चालते. मिनिटाला पाव मिलिलिटर या वेगाने पाच मिलिलिटर संपायला वीस मिनिटे लागतात. माझा जुना, खडखड करणारा कॉम्प्रेसरही साधारण तेवढाच वेळ घेतो. सात टक्के मिठाच्या सलाइनचे चार मिलिलिटर संपायला मेशला सोळा मिनिटे हवीत. सिस्टिक फायब्रोसिससाठी म्हणून विकसित केलेली काही महागडी मेश यंत्रे खरोखर वेगवान असतात आणि त्यांच्याविषयी परदेशी रुग्ण जे लिहितात ते खरेही असते, पण ते कौतुक या स्वस्त हातयंत्राच्या नावावर जमा करता येत नाही.

वेगाहून महत्त्वाचा प्रश्न मात्रेचा आहे. जेटच्या कपात औषध संपले असे वाटल्यावरही थोडे तळाशी उरतेच, साधारण मिलिलिटरभर किंवा त्याहून अधिक, आणि टोब्रामायसिनची 300 मिलिग्रॅम ही मात्रा ठरवताना हे उरणे गृहीत धरलेले आहे. ज्या मोठ्या चाचण्यांच्या आधारे अमेरिकेत 1997 च्या अखेरीस या औषधाला मान्यता मिळाली, त्या पारी एलसी प्लस या जेट कपावर झाल्या होत्या. मेशमध्ये जवळजवळ काहीच उरत नाही. त्यामुळे तेच औषध तेवढेच घातले तरी फुप्फुसांत पोहोचणारी मात्रा बदलू शकते, आणि ती वाढेल की कमी होईल हे यंत्राच्या कणांच्या आकारावर अवलंबून असते. टोब्रामायसिनसारख्या औषधाच्या बाबतीत, ज्याचे कानांवर आणि मूत्रपिंडांवर दुष्परिणाम होऊ शकतात, हा फरक अंदाजावर सोडता येत नाही. या यंत्राच्या पुस्तिकेत कोणत्याही अँटिबायोटिकवरील चाचणीचा एक शब्दही नाही. डॉर्नेज अल्फा हे कफ पातळ करणारे औषध तर प्रथिन आहे. ते 2 ते 8 अंश तापमानात ठेवावे लागते, दुसऱ्या औषधात मिसळून चालत नाही आणि ते कोणत्या नेब्युलायझरमधून घ्यावे याची यादी त्याच्या माहितीपत्रकात दिलेली असते. त्या यादीत नसलेल्या यंत्रात ते महागडे औषध ओतण्याचे धाडस मी केलेले नाही.

सगळ्यात मोठी अडचण मात्र स्वच्छतेची आहे आणि त्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण दुकानात तो प्रश्न कुणी विचारत नाही आणि विचारला तर ‘ताई, नळाखाली धुऊन घ्या, झाले’ असे उत्तर मिळते. स्यूडोमोनास हा मुळात पाण्याचा आणि ओलाव्याचा जिवाणू आहे. मोरी, नळाची तोटी, शॉवरचे तोंड, गच्चीवरची टाकी, जेथे ओल टिकते तेथे तो राहू शकतो. नेब्युलायझरचा कप ओला राहिला तर तो जिवाणूंचे घर होतो आणि पुढच्या वेळी औषधाबरोबर तेही थेट फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचवले जातात. म्हणून प्रत्येक वापरानंतर भाग सुटे करून साबणाच्या पाण्याने धुणे आणि त्यानंतर निर्जंतुक करणे अशा दोन स्वतंत्र पायऱ्या सिस्टिक फायब्रोसिसच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलेल्या आहेत. निर्जंतुकीकरणासाठी पाच मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवणे, किंवा बाळाच्या दुधाच्या बाटल्यांसाठी मिळणारा विजेवरचा स्टीम स्टरिलायझर वापरणे हे सर्वांत सोपे उपाय आहेत. उष्णता न चालणाऱ्या भागांसाठी 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाच मिनिटे किंवा 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तीस मिनिटे बुडवून ठेवणे मान्य आहे, पण त्यानंतर ते भाग निर्जंतुक पाण्यानेच धुवावे लागतात. नळाच्या पाण्याने धुतले तर सगळी मेहनत वाया गेली असे समजावे. घरोघरी सुचवले जाणारे व्हिनेगर यासाठी पुरेसे नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटरही निर्जंतुक नसते, ही गोष्ट अनेक सुशिक्षित घरांत माहीत नसल्याचे मी पाहिले आहे.

आता हा मेश नेब्युलायझर या कसोटीवर लावून पाहू. औषध घालायचा कप आणि थरथरणारी चकती एकाच भागात बसवलेली असून त्याच्या पाठीमागे विजेचे दोन संपर्कबिंदू आहेत. हा भाग साठ अंशांहून अधिक गरम पाण्यात घालू नये असे पुस्तिका सांगते, म्हणजे उकळणे आणि स्टीम दोन्ही बाद. ‘क्लीनिंग मोड’ नावाचे एक बटण आहे, ज्यात कपात पाणी घालून यंत्र काही मिनिटे चालवायचे असते. त्याने छिद्रे मोकळी होतात, जिवाणू मरत नाहीत. अल्कोहोलने पुसावे असे एका ओळीत म्हटले आहे, पण बुडवून ठेवता येईल का, चकतीला इजा होईल का, याबद्दल काहीच नाही. चकतीला बोट किंवा कापूस लावायचा नाही अशी ताकीद मात्र ठळक अक्षरांत आहे. थोडक्यात, ज्या भागाला औषध आणि लाळ दोन्ही लागतात तोच भाग नीट निर्जंतुक करता येत नाही. दम्याच्या रुग्णाला यात फारसे बिघडणार नाही, पण माझ्यासारख्या रुग्णाच्या बाबतीत ही त्रुटी बाकीच्या सगळ्या गुणांवर पाणी फिरवते.

त्यात ठाण्याचा पावसाळा. जुलै महिन्यात कळव्याच्या आमच्या घरात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस सुकत नाहीत, तेथे प्लास्टिकच्या कोपऱ्यातला थेंब कसा सुकणार? निर्जंतुक केलेला भाग पूर्ण कोरडा होणे ही तिसरी आणि तितकीच आवश्यक पायरी आहे. जेटच्या बाबतीत आई कपाचे भाग उकळून स्वच्छ टॉवेलवर मांडते आणि मी नळीतून कॉम्प्रेसरची नुसती हवा काही मिनिटे सोडते, म्हणजे नळीतला ओलावा निघून जातो. मेशमध्ये कप आणि चकती यांच्या सांध्यात पाणी अडकते, तेथे हवा पोहोचवण्याचा मार्ग नाही, आणि जोराने झटकल्यास चकती बिघडण्याची भीती असते.

बाहेर जाणाऱ्या तुषारांचाही विचार करावा लागतो. हे यंत्र सतत चालते, म्हणजे मी श्वास सोडत असतानाही औषध बाहेर पडत राहते आणि ते खोलीत पसरते. जेटच्या माउथपीसला उच्छ्वासाच्या बाजूने फिल्टर लावता येतो, येथे तशी जागाच ठेवलेली नाही. सलाइन हवेत गेले तर काही बिघडत नाही, परंतु टोब्रामायसिन किंवा कॉलिस्टिन हे दुसरे अँटिबायोटिक रोज दोन वेळा घराच्या हवेत सोडणे, आणि तेही घरात लहान मूल वावरत असताना, मला योग्य वाटत नाही. ज्यांना दुसरा पर्याय नाही त्यांनी निदान वेगळ्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून घ्यावे.

कॉलिस्टिनचा प्रयोग मी डॉक्टरांना विचारून मेशमध्ये करून पाहिला आणि लगेच थांबवला. हे औषध पावडरच्या रूपात येते, ते हलक्या हाताने गोल फिरवत विरघळवावे लागते, नाहीतर फेस येतो, आणि फेस आला की चकतीच्या छिद्रांपर्यंत औषध पोहोचतच नाही. यंत्राला कप रिकामा वाटतो आणि ते आपोआप बंद पडते. विरघळवलेले कॉलिस्टिन तसेच ठेवून नंतर वापरणे धोक्याचे आहे. पाण्यात मिसळल्यावर त्याचे फुप्फुसांना अपायकारक अशा रूपात विघटन होऊ लागते, आणि अशाच एका मृत्यूनंतर 2007 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशारा दिला होता. म्हणजे यंत्र मध्येच रुसले तर उरलेली मात्रा संध्याकाळसाठी ठेवता येत नाही, ती टाकूनच द्यावी लागते. सात टक्क्यांच्या सलाइनचाही त्रास आहे. वापरानंतर लगेच धुतले नाही तर मीठ छिद्रांत जमते आणि तुषार हळूहळू विरळ होत जातात. काही आठवड्यांत माझ्या यंत्राचा वेग डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला.

एवढे दोष सांगितल्यावर गुणही मोकळेपणाने सांगायला हवेत. यंत्र शांत आहे, आणि कॉम्प्रेसरच्या घरघरीत वर्षानुवर्षे सकाळ काढलेल्या माणसालाच या शांततेची किंमत कळेल. मी ऐरोलीला नोकरी करते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत कॉम्प्रेसरची पेटी घेऊन चढणे अशक्य आहे, हे यंत्र मात्र डब्याच्या पिशवीत बसते आणि छाती जड झाली तर कार्यालयातील आरोग्यकक्षात बसून सलाइन घेता येते. देखभालीसाठी वीज जाते त्या दिवशीही ते चालते. गावी जाताना त्याचा मोठा आधार वाटतो. सलाइनपूर्वीचे सॅल्ब्युटामॉल (श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध), मग सलाइन, मग फिजिओथेरपीने कफ काढणे, आणि सगळ्यात शेवटी, वाट मोकळी झाल्यावर, अँटिबायोटिक, असा आमचा क्रम असतो. त्यातला सलाइनपर्यंतचा भाग हे यंत्र प्रवासात बऱ्यापैकी सांभाळते.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दुकानदार सौजन्याने बोलतो, पण खोके उघडल्यावर वस्तू परत घेत नाही. चकतीसह कप सुटा मिळतो, तो मागवावा लागतो आणि त्याची किंमत यंत्राच्या निम्म्याच्या आसपास जाते. त्याच दुकानात नेब्युलायझर भाड्यानेही मिळतात आणि वापरलेली यंत्रे स्वस्तात विकण्याच्या जाहिराती तर सोसायटीच्या गटांवर नेहमीच दिसतात. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाने भाड्याचे किंवा दुसऱ्याने वापरलेले यंत्र कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये, मग ते कितीही चकचकीत दिसत असो. आमच्यासारख्या दोन रुग्णांना दवाखान्यातही एकमेकांपासून निदान सहा फूट दूर बसवतात, कारण एकाचे जिवाणू दुसऱ्याला लागू शकतात. त्यात बर्कहोल्डेरिया सेपेशिया हा गट विशेष भीतीचा आहे. कांदा सडवणारा जिवाणू म्हणून 1950 मध्ये त्याचे वर्णन झाले होते, तो अनेक अँटिबायोटिकांना दाद देत नाही, कॉलिस्टिनला तर मुळीच नाही, आणि काही रुग्णांमध्ये फुप्फुसांची क्षमता फार वेगाने खाली आणतो.

नव्याने खरेदी करणाऱ्यांना माझे सांगणे असे, की घरात चांगला कॉम्प्रेसर असेल तर आधी त्याच्यासाठी उकळता येणारा, वापरून पुन्हा वापरता येणारा जेट कप आणखी एक घ्यावा. एक कप सुकत असताना दुसरा वापरता येतो आणि पावसाळ्यातील निम्मी कटकट मिटते. खोक्यातून येणारे साधे पातळ प्लास्टिकचे कप बहुधा थोड्या दिवसांसाठीच असतात, ते उकळल्यावर वाकतात. हे झाल्यावर पैसे उरले आणि प्रवास खूप असेल, तर मेशचा विचार करावा. दुकानात यंत्राचा ढग पाहत बसण्याऐवजी पुस्तिका मागून घ्यावी आणि औषधाचा कप उकळता येतो का, चकती सुटी मिळते का, उच्छ्वासाला फिल्टर लावता येतो का आणि आपल्या अँटिबायोटिकवर त्याची चाचणी झाली आहे का, एवढे वाचून पाहावे. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेऊ नये, आणि नव्या यंत्रातून अँटिबायोटिकची पहिली मात्रा दवाखान्यातच घ्यावी, कारण श्वासनलिका आकसण्याचा धोका असतो.

दमा किंवा साध्या खोकल्यासाठी मी या यंत्राला पाचांपैकी चार तारे देईन. जुनाट स्यूडोमोनास असलेल्या रुग्णासाठी मात्र दोनच, आणि तेही सलाइन व प्रवास यांच्यापुरते. उत्पादकाने उकळता येणारा कप दिला तर तिसरा तारा मी आनंदाने वाढवीन.